आठवी ते दहावीची मुलं स्वतःहून अभ्यास आणि विचार कधी करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक, शिक्षक आणि खुद्द विद्यार्थी पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं मुख्यतः महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमातली आहेत. शाळा दुसऱ्या मंडळाची असली तरी मुलांचं वय तेच असतं आणि अडचणीही बहुतेक त्याच.

मुलगा हुशार आहे, पण अभ्यासाला बसतच नाही. याला आळस म्हणायचं का?

आळस म्हणून मोकळं होण्याआधी एक गोष्ट करून बघा. ज्या विषयाची टाळाटाळ चालते त्याचं पुस्तक उघडा, वीस मिनिटं त्याच्या शेजारी बसा आणि काहीही न शिकवता नुसतं बघा. पेन कुठे थांबतं? थांबल्यावर तो काय करतो? पान उलटतो, पाणी प्यायला उठतो की मागचं उदाहरण शोधतो?

गणितात बहुतेक वेळा पेन नववीच्या धड्यावर थांबलेलंच नसतं. ते थांबतं अपूर्णांकांच्या बेरजेवर, ऋण संख्यांच्या वजाबाकीवर, नाहीतर दशांश चिन्हाच्या जागेवर, म्हणजे पाचवी ते सातवीच्या पायावर. भाषा आणि समाजशास्त्रात अडचण वेगळी असते: परिच्छेद एकदा वाचून त्यातलं मुख्य वाक्य सापडत नाही. रोज वर्गात जे चाललंय त्यातलं निम्मं डोक्यावरून जात असेल, तर कुठलाही शहाणा माणूस तिथून मन काढून घेईल. मुलं तेच करतात. त्याला आळस म्हटलं की मूळ दुखणं झाकलं जातं.

उपाय: पाचवी, सहावी, सातवीच्या पुस्तकांतून प्रत्येकी चार अशी बारा उदाहरणं काढा. वेळ लावू नका, गुण देऊ नका. जिथे चुकलं तिथपासून रोज पंधरा मिनिटं, असं सहा ते आठ आठवडे करा. बालभारतीची जुनी पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. पंधरा वर्षांच्या मुलाला सहावीचं पुस्तक हातात घ्यायची लाज वाटते. म्हणून पुस्तक न देता उदाहरणं वहीत उतरवून द्या.

म्हणजे आधी आवड निर्माण करायची की आधी अभ्यास करून घ्यायचा?

या पानावर दुसरं काहीच वाचलं नाहीत तरी एवढं वाचा. "आवड लागली की करेल" म्हणून वाट बघण्यात वर्षं जातात. या वयात क्रम बहुधा उलटा असतो: थोडं जमतं, जमलं म्हणून पुन्हा करावंसं वाटतं, आणि करता करता आवड लागते. जमण्याची पहिली चव मिळावी इतकं सोपं, पण आपण काहीतरी सोडवलं असं वाटावं इतकं अवघड, असं काम समोर ठेवणं हे मोठ्यांचं खरं कसब.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या आतून येणाऱ्या इच्छेमागे तीन गरजा मांडल्या: आपलं काही आपण ठरवणं, आपल्याला जमतंय असं वाटणं, आणि आपण कोणाचे तरी आहोत ही भावना. आपल्याकडच्या दहावीच्या घरात डोकावून बघा. वेळापत्रक आई ठरवते, क्लास बाबा ठरवतात, शाखा मामा ठरवतो. पहिली गरज तिथेच संपली.

ठरवण्याची मुभा याचा अर्थ वाऱ्यावर सोडणं नव्हे. "आज अभ्यास करायचाय" यावर चर्चा नाही. पण आधी भूमिती की इतिहास, जेवणाआधी की नंतर, गच्चीवर की आत, दहा उदाहरणांपैकी कुठली सहा, हे त्याचं त्याने ठरवावं. एवढ्याशा निवडीनेही फरक पडतो, फक्त ती खरी हवी. त्याने इतिहास निवडल्यावर "नाही, आधी गणितच कर" म्हणालात, तर पुढच्या वेळी तो निवडणारच नाही.

नव्वद टक्क्यांना मोबाइल, पंच्याण्णवला सायकल, असं कबूल करावं का?

शक्यतो नको. १९७३ साली स्टॅनफर्डच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी एक प्रयोग केला. रंगीत पेनांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना "चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र देऊ" असं आधीच सांगितलं. आठवड्या-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात याच मुलांनी त्या पेनांना इतरांच्या निम्म्यानेच हात लावला. चित्र काढणं हा खेळ होता, तो मोबदल्याचं काम झाला. ज्यांना अचानक बक्षीस मिळालं त्यांची आवड मात्र कमी झाली नाही.

ती मुलं लहान होती, आणि जे काम मुळातच कंटाळवाणं आहे तिथे बक्षिसाने फारसं बिघडतही नाही. वही कव्हर घालून नीट लावली म्हणून आइस्क्रीम दिलं तर हरकत नाही. धोका आहे तो समजून घेण्याच्या कामाला दर लावण्यात. शिवाय टक्क्यांचं बक्षीस दहा महिन्यांनी मिळणार. आजच्या बुधवारी संध्याकाळी सात वाजता त्याचा काहीच जोर नसतो. आणि ऐंशी टक्क्यांवर अडकलेल्या मुलाला जानेवारीतच कळतं की सायकल काही येत नाही. मग आहे ते प्रयत्नही थांबतात.

"तू हुशारच आहेस" म्हणून प्रोत्साहन दिलं तर?

जपून. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. "तू हुशार आहेस" अशी शाबासकी मिळालेल्या मुलांनी पुढे सोपी कामं निवडली आणि अपयश आल्यावर लवकर हात टेकले. "तू मेहनत घेतलीस" असं ऐकलेली मुलं अवघड कामाकडे वळली. कारण सरळ आहे: हुशार ठरलेल्याला चुकण्याची भीती जास्त.

पण नुसतं "मेहनत कर, जमेल" हेही पोकळच. मेहनत करूनही न जमलेल्या मुलाला त्यातून "तू पुरेशी केली नाहीस" एवढंच ऐकू येतं. नेमकं बोला: "आकृती मोठी काढलीस म्हणून दुसरा त्रिकोण दिसला." "या वेळी एकक शेवटपर्यंत लिहिलंस." उद्या पुन्हा काय करायचं ते यातून त्याला कळतं.

आठवीपर्यंत छान चाललं होतं, नववीत एकदम ढेपाळली. का?

तीन गोष्टी एकाच वेळी येतात. एक, अभ्यासक्रम नुसता वाढत नाही, त्याची जात बदलते. आठवीपर्यंत आकडे होते, आता सिद्धता येते. माहिती होती, आता कारणमीमांसा येते. पाठ करून नव्वद मिळवणाऱ्या मुलीला ती रीत अपुरी पडतेय हे कळत नाही. ती तीच रीत जास्त तास वापरते आणि खचते.

दोन, झोप. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. सकाळच्या सत्राची शाळा सातला, क्लास रात्री नऊपर्यंत, म्हणजे हाताशी जेमतेम सहा तास. अशा मुलीला पहाटे चारला उठवून पाठ करायला बसवणं म्हणजे काल शिकलेलंही घालवणं. शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा आहे.

तीन, मैत्रिणी. वर्गात आपण कशा दिसतो याला या वयात सगळ्यात जास्त किंमत असते. ती नाकारू नका, तिचा उपयोग कसा करायचा ते पुढे येईल.

रोज किती तास अभ्यास हवा? आणि कसा?

तास मोजणं सोडा. चार तास पुस्तक उघडं ठेवून पिवळ्या पेनने रेघा मारणं हा अभ्यास दिसतो, असतो थोडाच. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर चित्र उलटलं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. पुन्हा वाचल्यावर "येतंय की!" असं वाटतं आणि त्या वाटण्यावरच मुलं फसतात.

चाळीस मिनिटांची एक बैठक अशी करा:

१. पहिली पाच मिनिटं: काल वाचलेलं पुस्तक बंद ठेवून कोऱ्या पानावर उतरवायचं. मुद्दे, आकृती, सूत्र, जे येईल ते.
२. पुढची पंधरा मिनिटं: आजचा भाग वाचायचा, फार तर चार पानं. प्रत्येक पानाला एक प्रश्न समासात, "का" किंवा "कसं" ने सुरू होणारा.
३. दहा मिनिटं: पुस्तक मिटून त्या प्रश्नांची उत्तरं लिहायची.
४. सात मिनिटं: पुस्तक उघडून लाल पेनने दुरुस्ती. सुटलेलं लिहायचं, चुकलेलं खोडायचं नाही, शेजारी बरोबर करायचं.
५. उरलेली तीन मिनिटं: उद्यासाठी एक ओळ, "मला अजून कळलेलं नाही ते असं...".

दिवसाला अशा तीन बैठका आणि त्यांच्यामध्ये खरा मोकळा वेळ, हे नववीला पुष्कळ झालं. तोच भाग तीन दिवसांनी, दहा दिवसांनी आणि महिन्याने पुन्हा पाच मिनिटं आठवायचा. इथे हमखास एक गोष्ट बिघडते: पहिले चार-पाच दिवस पान जवळजवळ कोरं राहतं आणि मुलं म्हणतात "ही पद्धत मला जमत नाही". ते कोरं पान खरं बोलत असतं. दहा दिवस धीर धरायला लावा.

मग पाठांतर वाईटच?

अजिबात नाही. तीसपर्यंतचे वर्ग, वीसपर्यंतचे पाढे, पहिल्या वीस मूलद्रव्यांच्या संज्ञा आणि क्रम, प्रमेयांची विधानं, कविता, या गोष्टी तोंडावर हव्यातच. डोक्यात काहीच नसेल तर विचार करायचा कशाचा? पाठ करू नये ते "कारणे लिहा"चं उत्तर, निबंध, भूमितीची सिद्धता आणि दुसऱ्याचं मत.

गणितात "बाजू बदलली की चिन्ह बदलतं" शिकवतो तरी मुलं चुकतात. का?

शिकवता म्हणूनच चुकतात. हा मंत्र बेरीज-वजाबाकीपुरता कामाला येतो, पण मुलं तो सगळीकडे लावतात. वही उघडून बघा:

३क्ष = १२
क्ष = १२ − ३
क्ष = ९

किंवा "चिन्ह बदलतं" म्हणून क्ष = १२ ÷ (−३) = −४. दोन्ही मुलांनी नियम प्रामाणिकपणे पाळला आहे. अशा वेळी उत्तर खोडू नका, एवढंच विचारा: "तुझा क्ष जागेवर ठेवून बघ." ३ × ९ = २७. बारा नाही. चूक त्याने स्वतः पकडली, आणि ती पकडण्यासाठी सर किंवा बाई लागल्या नाहीत. स्वतः विचार करण्याची सुरुवात नेमकी इथे होते: उत्तर बरोबर आहे का हे ठरवण्याचं साधन मुलाच्या हातात आलं.

त्यानंतर तराजू काढा. डाव्या पारड्यात तीन सारख्या पिशव्या, उजव्यात बारा गोट्या. एका पिशवीत किती? कोणीही वजाबाकी करत नाही, सगळे तीन वाटे करतात. मग लिहा: दोन्ही बाजूंना ३ ने भागून. "बाजू बदलणं" हा शब्द निदान महिनाभर वर्गात वापरू नका. दोन चलांतील समीकरणांपर्यंत पोचायच्या आत ही सवय मोडली नाही तर पुढे प्रत्येक पायरीला ठेच लागते.

दहावीत याचा रोकडा फायदा आहे. बीजगणित आणि भूमितीच्या ४० गुणांच्या प्रत्येक पेपरात शेवटच्या दोन प्रश्नांना मिळून ११ गुण असतात आणि ती उदाहरणं पुस्तकातल्या साच्यात बसतीलच असं नाही. गाइड पाठ करून तिथे हात चालत नाही.

वर्गात साठ मुलं आहेत, अभ्यासक्रम संपवायचाय. विचार करायला कधी लावू?

अडचण खरी आहे. तरीही बदलायला जागा आहे, आणि ती फार खर्चिक नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गप्प राहणं. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधिकेने वर्गांचं ध्वनिमुद्रण ऐकून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं की उत्तरं लांब झाली, "माहीत नाही" कमी झालं आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. मनात "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" मोजा. पहिल्या आठवड्यात ही शांतता अंगावर येते. पहिल्या बाकावरच्या त्याच दोन हातांकडे बघायचं नाही.

दुसरं, प्रश्न असा हवा की ज्यावर वर्गात दोन तट पडतील. दहावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्याला हे करून बघा. एक दोनशेपानी वही आणि वहीपेक्षा बोटभर लहान कापलेला कागद घ्या. पंखा बंद. खांद्याच्या उंचीवरून दोन्ही वेगवेगळे सोडा. वही धप्पकन पडते, कागद तरंगत येतो. आता कागद वहीवर ठेवा, चिकटवायचा नाही, आणि सोडण्याआधी विचारा: "काय होईल? प्रत्येकाने वहीत लिहा, आणि शेजारच्याला कारण सांगा." दोन मिनिटं द्या. मग सोडा. दोन्ही एकत्र खाली येतात.

आता लगेच स्पष्टीकरण देऊ नका. कोणी म्हणेल "वहीने कागदाला ओढलं". कोणी म्हणेल "वहीने वाटेतली हवा बाजूला केली". दुसऱ्याला विचारा: "हवेमुळे असेल तर हवेचा अडथळा कमी करून कसं दाखवशील?" कोणीतरी कागदाचा बोळा करायचं सुचवतंच. बोळा आणि वही वेगवेगळे सोडले की जवळजवळ बरोबरच टेकतात. पहिल्याला विचारा: "ओढत असेल तर बोळा का खाली आला?" एकूण बारा मिनिटं. मुक्त पतनाची व्याख्या यानंतर फळ्यावर येऊ द्या, आधी नाही. कागद वहीबाहेर आला तर कडेने हवा शिरून तो उचलला जातो आणि प्रयोग फसतो, म्हणून आधी घरी एकदा करून बघा.

आठवड्यातून एका विषयाला असा एकच प्रसंग धरला तरी वर्षाला तीसेक होतात.

वही तपासताना गुण द्यावेत की शेरा?

सरावाच्या कामावर नुसता शेरा द्या. रूथ बटलर यांनी १९८८ च्या अभ्यासात काही मुलांना फक्त गुण, काहींना फक्त शेरा आणि काहींना दोन्ही दिले. शेरा मिळालेल्यांची कामगिरीही सुधारली आणि रसही टिकला. दोन्ही दिले तिथे शेऱ्याचा फायदा उरला नाही, कारण गुण दिसल्यावर खालची ओळ कोणी वाचत नाही. "छान", "सुधारणा आवश्यक" हे शेरे नव्हेत. "तिसऱ्या पायरीचं कारण लिहिलेलं नाही, ते लिहून उद्या दाखव" हा शेरा. साठ वह्या होत नसतील तर रोज बारा घ्या, आठवड्यात वर्ग पूर्ण होतो.

इतिहासात कुठला विचार? सनावळ्याच तर असतात.

दहावीचं इतिहासाचं पुस्तक सनावळ्यांनी सुरूच होत नाही, ते इतिहासलेखनाच्या परंपरांनी सुरू होतं. हाच धडा बहुतेक ठिकाणी सर्वांत घाईने उरकला जातो, याचं मनापासून वाईट वाटतं.

मुलांना जवळचा विषय घ्या: शिवाजी महाराजांची जन्मतारीख. काही बखरींच्या आधारे शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे १६२७ हे साल बराच काळ मानलं जात होतं. जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या तारीखवार नोंदींत) शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० अशी नोंद आहे. निर्णय न सांगता दोन्ही नोंदी फळ्यावर लिहा. चार-चारचे गट आणि चार प्रश्न: हे कोणी लिहिलं? घटनेनंतर किती काळाने? लिहिणाऱ्याला ते कळलं कसं? त्याची चूक होण्याचं काय कारण असू शकेल? दहा मिनिटांनी आणखी दोन पुरावे द्या: कवींद्र परमानंदांच्या शिवभारत या संस्कृत काव्यातली तिथी आणि जोधपूरला सापडलेली कुंडली, दोन्ही १६३० च्या बाजूने. आता मुलं मत बदलतात की नाही, आणि का, हे पाच ओळींत लिहायला सांगा. वेगवेगळ्या ठिकाणचे पुरावे एकाच तारखेकडे बोट दाखवतात तेव्हा जोर का वाढतो, हे त्यांना न सांगता कळतं. १९ फेब्रुवारीला आपण सुट्टी का घेतो, हे त्यानंतर त्यांना कोणी विचारून बघावं.

मराठीच्या कृतिपत्रिकेत "स्वमत" येतं, पण मुलं गाइडातलंच मत लिहितात.

कारण त्यांना मत विचारलेलं असतं आणि अपेक्षा मात्र सुविचाराची असते. सरावाला असा विषय द्या ज्यावर घरात खरोखर वाद होतो: बैलगाडा शर्यत असावी का, शाळेच्या सहलीला मोबाइल न्यावा का, गणपतीत डीजे हवा का. चार वाक्यांचा साचा पुरतो: माझं मत, त्याचं कारण, मी डोळ्यांनी पाहिलेलं एक उदाहरण, आणि "पण समोरचा म्हणेल की..." ने सुरू होणारं वाक्य. चौथं वाक्य सगळ्यात अवघड जातं आणि सगळ्यात मोलाचं तेच. आठवड्याने त्याच मुलांकडून विरुद्ध बाजू लिहून घ्या. तुमच्या मताशी न जुळणारं पण कारण नीट दिलेलं उत्तर वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. एकदा हे घडलं की मुलांना कळतं, इथे खरं लिहिलं तरी चालतं.

मुलगी प्रत्येक गोष्टीला "का?" विचारते, उलट उत्तरं देते. हे विचार करणं की उद्धटपणा?

सूर आणि मजकूर वेगळे करा. "असं तोडून बोलायचं नाही" हे सूराबद्दल जरूर सांगा, आणि लगेच मजकुराचं उत्तर द्या. कारण असेल तर सांगा. नसेल तर "मी दमलोय म्हणून नाही म्हटलं" हेही कारणच आहे, आणि मुलं ते मान्य करतात. "मोठे सांगतात ते ऐकायचं" म्हणून विषय मिटवला की ती घरात गप्प होते. मग शाळेत तिने धीटपणे हात वर करावा अशी अपेक्षा कशी करायची?

आम्ही दोघंही फार शिकलेलो नाही. घरी काय करू शकतो?

पुष्कळ. रोज दहा मिनिटं एकच वाक्य: "आज काय शिकलास ते मला समजाव." तुम्हाला खरंच माहीत नसतं, त्यामुळे तुमचे प्रश्न खरे असतात, आणि हा शिकलेल्या पालकांपेक्षा तुमचा फायदाच आहे. भाकरी थापता थापता "पण भिंगातून उलटं का दिसतं?" असं आई विचारते तेव्हा पोराला आकृती काढावीच लागते. अडखळला तर रागवू नका, "उद्या सरांना विचारून ये आणि मला सांग" म्हणा. आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने विचारा.

घरच्या कामात त्याला खरा हिशेब द्या. बचत गटाचं व्याज, खताच्या गोणीचा एकरी हिशेब, दुधाचा फॅट आणि दर. नववी-दहावीत अर्थनियोजन शिकवलं जातं, ते घरातच पडलेलं असतं.

क्लास लावावा का?

पाया कच्चा असेल आणि घरी-शाळेत तो भरून निघत नसेल तर दहा-बारा मुलांचा छोटा क्लास उपयोगी पडतो. शाळेतलं तेच पुन्हा फळ्यावर ऐकायला रोज तीन तास जात असतील तर नुकसान आहे, कारण स्वतः बसून अडकायचा वेळच उरत नाही. लावण्याआधी दोन प्रश्न विचारा: मुलं वर्गात स्वतः किती वेळ सोडवतात? आणि पाचवी-सहावीचं कच्चं असेल तर तिथून सुरुवात करता का?

चॅटजीपीटीसारख्या साधनांवर गृहपाठ करतात. बंदी घालावी?

बंदी टिकत नाही. क्रम ठरवा: आधी पंधरा मिनिटं स्वतः, कागदावर, चुकलं तरी. मग साधनाला उत्तर मागायचं नाही, "माझी ही पायरी बघ, चूक कुठे आहे तेवढं सांग" असं मागायचं. आलेलं उत्तर पुस्तकाशी पडताळायचं, कारण ही साधनं ठाम सुरात चुकीचंही सांगतात. शिक्षकांनी घरच्या निबंधावर गुण देणं कमी करून वर्गात दहा मिनिटांत लिहून घेणं वाढवावं. मोबाइलबद्दल एवढंच: अभ्यासाच्या चाळीस मिनिटांत तो दुसऱ्या खोलीत, आणि हा नियम त्या वेळी घरातल्या मोठ्यांनाही लागू.

पुस्तकाबाहेर डोकं चालवायला कुठल्या संधी आहेत?

आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा: शासकीय, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेल्या मुलांसाठी. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे ९० प्रश्नांचे दोन पेपर. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. नववीत होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा, जिच्यात लेखी फेरीनंतर प्रात्यक्षिक आणि प्रकल्प असतात. इन्स्पायर मानक या केंद्र सरकारच्या विज्ञान योजनेत मुलाची कल्पना निवडली गेली तर ती घडवायला १०,००० रुपये मिळतात. इथे नेहमी एक चूक होते: कल्पना सर शोधतात, मॉडेल दुकानातून येतं, मुलगा पाठ केलेलं बोलतो. परीक्षकाने "हे का नाही वापरलंस?" विचारलं की तो तिथेच थांबतो. गावातल्या हापशाचं वाया जाणारं पाणी मोजणारा साधा प्रकल्प त्याहून कितीतरी सरस.

सगळं करूनही काही हलत नाही. मग?

बोलून छान उत्तर देणारा मुलगा वाचताना अक्षरं गाळत असेल, लिहिताना शब्द सतत उलटेपालटे होत असतील, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. मान्यताप्राप्त रुग्णालयाचं प्रमाणपत्र असल्यास मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. पण ती धावपळ नववीतच सुरू करा, दहावीच्या जानेवारीत नको. आधी आवडणाऱ्या गोष्टीही सुटल्या, झोप-भूक बदलली, मूल एकटं राहू लागलं आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर अभ्यासाचा विषय बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास फुकट आहे आणि मराठीतही बोलतात.

(विद्यार्थ्याकडून) वर्गात प्रश्न विचारला की मुलं हसतात. म्हणून मी विचारत नाही.

हसणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो प्रश्न पडलेला असतो. पण हे माहीत असूनही हात वर होत नाही, म्हणून लहान पायऱ्यांनी जा. प्रश्न आधी वहीत पूर्ण वाक्यात लिही: "मला इथपर्यंत कळलं, यापुढची पायरी कशी आली ते कळलं नाही." असा प्रश्न कोणालाच बावळट वाटत नाही. पहिला आठवडा तो तास संपल्यावर सरांना किंवा बाईंना एकट्याने विचार. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या मित्राला विचार, आणि त्यालाही येत नसेल तर दोघांचा म्हणून वर्गात विचारा: "सर, आम्हा दोघांना इथे अडलंय." दोघांवर कोणी सहसा हसत नाही. आणि बाई-सरांना एक विनंती: वर्गाच्या कोपऱ्यात एक खोका ठेवा, नाव न घालता चिठ्ठी टाकता येईल असा, आणि शनिवारी त्यातल्या तीन चिठ्ठ्या वाचा. पहिली चिठ्ठी कोणी टाकली नाही तर ती तुम्हीच टाका.